लाल सिलिकॉनचा गोळा

बिलावर काय लिहायचं यावरून एका जुन्या गिऱ्हाइकाशी माझं बिनसलंय. काम चोख झालं, पैसेही पूर्ण मिळाले, तरी विषय डोक्यातून जात नाही.

परळचे काका. त्यांची जुनी जीप, घरच्या माणसासारखी जपलेली. तक्रार एकच: मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्याचं, कव्हर गळतं. भांडुपला माझ्याकडे येण्याआधी तीन गॅरेजांत ते कव्हर उघडून पुन्हा बसवलं गेलं होतं. काका म्हणाले, "दादा, या वेळी जरा भारी ट्यूब लावा, पैशाकडे बघू नका."

हल्ली सगळ्यांचं हेच झालंय. गळलं की सिलिकॉनची ट्यूब, जास्त गळलं की जास्त ट्यूब. का गळतंय, हे विचारायला कुणाला सवड नसते.

गाडी चालवून पाहिली तर पन्नासच्या पुढे मागून घूंऽऽ असा आवाज. खाली जाऊन पिनियनचा, म्हणजे डब्यात ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरचा, बाहेरचा फ्लँज हाताने हलवला, तर वरखाली ढिला. म्हणजे गोष्ट पॅकिंगपुरती नव्हती. मग तेल भरायचं बूच सैल केलं. हे नेहमी आधी करायचं. तेल सगळं काढून टाकलं आणि मग ते बूच गंजून बसलेलं निघालं, तर गाडी जागेवरच अडकते. या हौसिंगला, म्हणजे डब्याला, तेल काढायला खाली बूच नाही, त्यामुळे खालचे बोल्ट सैल करून कव्हर फटीपुरतं उचकटावं लागतं.

तेल आलं ते दुधाच्या चहासारखं. पाणी गेलेलं. काकांना विचारलं तर जुलैत हिंदमाताला गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात अडकली होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईतला गाडीवाला पाण्यातून निघाला की इंजिन ऑइल बदलायला धावतो. मागचं हौसिंग मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

हौसिंगवर वाफ सोडायला छोटा ब्रीदर असतो. तो पाहिला, तर अंडरकोटिंगच्या काळ्या थराखाली पूर्ण गाडला गेलेला. गंज लागू नये म्हणून फवारा मारणाऱ्याने त्याच्यावरच फवारलं होतं. चालून तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट नसली की तेलाला कव्हरच्या फटीतून नाहीतर सीलमधून बाहेर ढकलते. तेच तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडालं की आत ओढ तयार होते आणि सीलच्या ओठांवरून पाणी आत जातं. आतला हा दाब कुठल्याच ट्यूबने थोपला नसता.

कव्हर निघालं तेव्हा कडेवर तीन रंग दिसले: सगळ्यात खाली लाल, मधे करडा, वर काळा. जुनं कुणी खरवडलंच नव्हतं, थरावर थर. आतल्या बाजूला सिलिकॉनच्या लोंब्या लटकत होत्या. या हौसिंगच्या वरच्या बाजूला ओतीव वाट असते. क्राऊन व्हील, म्हणजे आतला मोठा गिअर, फिरताना तेल उडवतं आणि ते या वाटेने पिनियनच्या बेअरिंगांपर्यंत पोचतं. त्या वाटेच्या तोंडात चिंचोक्याएवढा लाल गोळा घट्ट बसला होता. पुढचं बेअरिंग खोललं, तर रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ती कडी, निळी पडलेली, आणि त्याच रेसवर तांबेऱ्याचे खड्डेही.

बेअरिंगं, सील, शिमच्या पातळ चकत्या हे सगळं नवं बसवलं, गिअरांच्या दातांचा पॅटर्न जुळवला. ते काम वेगळं. मला कव्हरबद्दल सांगायचंय. दोन्ही कडा पितळी पात्याने खरवडायच्या. ग्राइंडरचा पॅड कधीच नाही, त्याची रेव बेअरिंगात जाते. हौसिंगच्या तोंडाला चिंध्या कोंबून ठेवायच्या आणि शेवटी आठवणीने काढायच्या. पत्र्याच्या कव्हरला जास्त आवळल्याने भोकांपाशी खळगे पडलेले असतात. जाड काचेवर ठेवलं की फट दिसते, मग सपाट लोखंडावर ठेवून गोल हातोडीने ठोकून सपाट करायचं. थिनरने पुसल्यावर बोटसुद्धा लावायचं नाही. सिलिकॉनची एकच न तुटणारी रेघ, चारएक मिलिमीटरची, भोकांच्या आतल्या बाजूने आणि प्रत्येक भोकाला वळसा घालून. बोल्ट हाताने टेकवायचे, तासभर थांबायचं, मग समोरासमोरचे धरत टॉर्क पान्याने तीस फूट-पाउंड. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात वरची साय झटकन धरते. पण आत ओलंच असतं, म्हणून तेल दुसऱ्या दिवशी. काकांना गाडी त्याच संध्याकाळी हवी होती, दिली नाही. दुसऱ्या दिवशी जीएल-५, ८० डब्ल्यू ९० गिअर ऑइल, गाडी सपाटीवर ठेवून भोकातून ओघळेपर्यंत. ब्रीदर मोकळा केला आणि त्याला नळी जोडून तोंड वर उंच नेलं.

खरवडायला दोन तास गेले. त्याचे पैसे मागितले की लोक विचारतात, "नुसतं पुसायचे?" काकांनी मात्र हूं की चूं केलं नाही. अडलं ते पुढे. लाल ट्यूब कुठल्या गॅरेजने लावली हे त्यांना पक्कं आठवत होतं. "त्यांच्या सिलिकॉनमुळे बेअरिंग गेलं, एवढं बिलावर लिहा. बाकीचं मी बघतो."

मी लिहिलं: तेलाच्या वाटेत लाल सिलिकॉनचा गोळा, ब्रीदर बंद, तेलात पाणी, पिनियनचं पुढचं बेअरिंग निळं आणि गंजलेलं. गोळा पिशवीत घालून बिलाला जोडला. "मुळे" हा शब्द लिहिला नाही. काका म्हणाले, तुम्ही तुमच्या धंद्यातल्या माणसाला वाचवताय. हे मला लागलं, कारण त्या गॅरेजवाल्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. जुनं न काढता वर ट्यूब पिळणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाचंही बेअरिंग घालवणार.

पण निळा रंग तेल न मिळाल्याचा आणि तांबेरा पाण्याचा. क्राऊन व्हीलच्या बाजूच्या दोन्ही बेअरिंगांवर नुसते फिकट तपकिरी डाग होते, रोलर गुळगुळीत फिरत होते. म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं, तरी मेलं तेवढं एकच. यावरून माझा कल गोळ्याकडेच आहे. तरी जुलैचं ते पाणी नसतं तर बेअरिंग आणखी वर्षभर टिकलं असतं का, हे मला छातीठोक सांगता येत नाही. बेअरिंग मी फेकलेलं नाही. त्या रेसवर आधी निळेपणा आला की आधी खड्डे, हे पाहून ओळखणारा कुणी जुना कारागीर असेल, तर भांडुपला येऊन बघावं. तो सांगेल ते मी बिलावर लिहून काकांना नेऊन देईन.