मामा, याशूर आणि छपरावरची राख

इथे मामा म्हणजे आई. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पहिल्याच आठवड्यात मी घरी फोनवर म्हटलं, "मामानं आज नारळाच्या रसातले अळूचे कंद वाढले आणि मग माझी वेणी घालून दिली," तर पलीकडे एकदम शांत. मला वाटलं रेंज गेली. मग आईचा आवाज आला, "कोण गो ह्यो मामा?"

तर ही मामा पन्नाशीची, सात नातवंडांची आजी. तिच्या घरामागच्या खोलीत मी राहते. बेटाचं नाव तान्ना, देश वानुआतू. फिजीच्या पश्चिमेला पॅसिफिकमध्ये विखुरलेली ऐंशीएक बेटं म्हणजे हा देश. १९०६ पासून इथे इंग्रज आणि फ्रेंच दोघं एकत्र राज्य करत होते. पोलीस दोन प्रकारचे, तुरुंगही दोन प्रकारचे. ३० जुलै १९८० ला दोघंही गेले. राजधानी पोर्ट विलाहून तान्नाला लहानसं विमान येतं. त्यात चढण्याआधी सामानाबरोबर आपलंही वजन करतात, सगळ्यांसमोर. घड्याळ घरच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. आई सकाळचा चहा टाकते तेव्हा माझं जेवण झालेलं असतं.

मी आले ती एका स्वयंसेवी कार्यक्रमातून, वर्षभरासाठी, पाण्याच्या कामावर. याआधी यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्यावर काम करत होते. तिथे फ्लोराइड खडकातून बोअरच्या पाण्यात उतरतं. इथे ते आभाळातून पडतं. आमच्या गावाच्या दक्षिणेला याशूर नावाचा ज्वालामुखी आहे, उंची ३६१ मीटर, म्हणजे आपल्याकडे त्याला कोणी डोंगरसुद्धा म्हणणार नाही, टेकडी म्हणतील. पण ही टेकडी शेकडो वर्षं न थांबता धुमसतेय. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिचा उजेड समुद्रावरून बघूनच इकडे वळला. त्यानं जमिनीकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं, लोकांनी "जमीन" असं सांगितलं, आणि त्यानं तेच बेटाचं नाव म्हणून लिहून घेतलं, अशी गोष्ट इथे सांगतात.

तर राख. वारा बहुतेक वेळा आग्नेयेकडून वाहतो, त्यामुळे राख पलीकडच्या गावांवर जाते. वारा फिरला की आमच्यावर. दळणाच्या गिरणीत जसं सगळ्यावर पीठ बसतं तशी ती बसते, फक्त काळी आणि खरखरीत. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पानांवर, भातात, दातांत. आणि मुख्य म्हणजे छपरावर. इथे बऱ्याच घरांचं पिण्याचं पाणी छपरावरून येतं: पत्रे, पन्हळ, टाकी. राखेतून फ्लोराइड विरघळून टाकीत जातं, आणि ज्वालामुखीच्या वायूंमुळे पाऊसही आंबट, तो पत्रे खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. राख पडून गेल्यावरची पहिली सर टाकीत गेली तर काय होईल, याची मला यवतमाळची, फ्लोराइडनं दात आणि हाडं बिघडलेली पोरं बघून चांगलीच कल्पना होती.

उपाय साधा आहे. पन्हळ आणि टाकीच्या मध्ये एक उभी नळी बसवायची. पहिलं घाण पाणी त्या नळीत भरतं, आत एक चेंडू असतो, पाणी चढलं की चेंडू वर येऊन तोंडाला गच्च बसतो, मग मागचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की विचारू नका. प्रत्यक्षात जहाजातून आलेल्या खोक्यातले चेंडू नळीच्या तोंडापेक्षा बारीक निघाले. जहाज पुन्हा कधी येणार? "क्लोस्टू," म्हणजे लवकरच. आठवडा असेल, महिना असेल. शेवटी मामाच्या सहा वर्षांच्या नातवानं स्वतःचा रबरी चेंडू आणून दिला. अगदी मापात बसला. आता दर पावसात तो पोरगा नळीला कान लावून उभा राहतो, आपला चेंडू वर चढला की नाही ते ऐकायला. टप्प, असा आवाज आला की माझ्याकडे बघून भुवया उडवतो. इथे भुवया उडवणं म्हणजे "हो".

भाषेचं सांगायचं राहिलंच. तीनेक लाख लोकांच्या या देशात शंभरावर भाषा आहेत, एकट्या तान्नावर पाच. सगळ्यांना जोडणारी ती बिस्लामा. एकोणिसाव्या शतकात इथल्या माणसांना, कधी फसवून, कधी सरळ पळवून, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड आणि फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेलं. तिथल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून ती वाढली. शब्द इंग्रजी, हाडं इथली. समुद्र म्हणजे सोलवोटा, पोर म्हणजे पिकिनिनी, निरोप घेताना "आले, टाटा". हो, टाटाच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटलं.

पण मी खरी हरखले ती दुसऱ्याच गोष्टीवर. इंग्रजीच्या एका "वुई"नं जे होत नाही ते मराठीत होतं: आम्ही वेगळं, आपण वेगळं. बिस्लामात तेच! मिफाला म्हणजे आम्ही, तू सोडून. युमी म्हणजे आपण, तुझ्यासकट. या देशाच्या राष्ट्रगीताचं नावच "युमी, युमी, युमी". माझ्याबरोबर आलेल्या दोन ऑस्ट्रेलियन स्वयंसेवकांना हा फरक महिनाभर समजावून सांगावा लागला. मला अर्ध्या मिनिटात कळला. आणि कळल्यामुळेच पंचाईत झाली, कारण गावच्या बैठकीत मी मोजायला लागले. "मिफाला साफ करू छप्पर." "मिफाला बघू." फार गोड आवाजात, फार आदरानं, आणि प्रत्येक वेळी मला वगळून.

रविवारी चर्चनंतर काम नसतं. त्या वेळात मी भटकते. याशूरवर तीनदा गेले. आधी राखेचं काळं मैदान, एक झाड नाही, मग शेवटची दहा मिनिटं पायी चढण, आणि काठावर उभं राहायचं. संध्याकाळी जावं. आत अंधार, मग पायाखालून एक धक्का, छातीत बसणारा आवाज, आणि लालभडक गोळे कारंज्यासारखे वर. वाटाड्यानं सूचना एकच दिली: दगड आला तर पळायचं नाही, मान वर करून तो कुठे पडतोय ते बघायचं आणि मग बाजूला व्हायचं. सांगायला काय जातंय! पहिल्या स्फोटाला मी मान वर केलीच नाही, समोरच्या माणसाची पाठपिशवी धरून डोळे मिटले. धोक्याची पातळी शून्य ते पाच अशी जाहीर होते, वाढली की वर जायला बंदी. माझी तिसरी खेप त्यामुळेच मैदानावरून परत फिरली.

दुसरी फजिती पोर्ट रेझोल्यूशनच्या खाडीत. हे नाव कुकच्या जहाजावरून. किनाऱ्यावर उकळत्या पाण्याचे झरे आहेत, बायका कंद टोपलीत घालून त्यातच शिजवतात. खाडीत माणसं उलांडीच्या होड्या घेऊन मासेमारी करतात, म्हणजे उलटू नये म्हणून एका बाजूला आडवं लाकूड बांधलेल्या होड्या. उलांडी! मी मालवणजवळच्या देवबागची, लहानपणापासून उलांडी बघितलेली, त्यामुळे फुशारकीनं म्हटलं, मला येतं. वल्हं हातात घेतलं, कासव दिसलं म्हणून वाकले, आणि नेमकी उलांडीच्या उलट्या बाजूला. होडी आडवी, मी पाण्यात, चप्पल तळाशी. किनाऱ्यावरच्या पोरांनी ते दृश्य पुढचे पंधरा दिवस गावभर नाचून दाखवलं. घरी सांगितलेलं नाही, बाबा अजून हसतील.

एक ठिकाण मात्र मला बंद. गावाबाहेर एक प्रचंड वड आहे. पारंब्यांचे खांब झालेले, खाली झाडून लख्ख केलेली जागा. तो नाकामाल, म्हणजे पुरुषांची बसायची जागा. उन्हं उतरली की पुरुष तिकडे जातात. पोरं कावा नावाच्या झुडपाची मुळं चावून चोथा करतात, तो पाण्यात पिळून गाळतात, आणि पुरुष एकेका करवंटीत ते पितात. त्या वेळी बाईनं त्या बाजूला फिरकायचं नाही. एकदा टाकी बघून उशिरा परतताना मी सवयीनं जवळची वाट धरली, तर एक चिमुरडी धावत आली आणि माझा हात धरून मला लांबच्या वाटेनं नेलं. एक शब्द बोलली नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पाण्याचे निम्मे निर्णय त्या वडाखाली होतात, आणि टाकीतून पाणी भरणारी एकही बाई तिथे नसते. मामाला म्हटलं तसं. ती खवणीवर बसली होती. ही खवणीही आपल्यासारखीच, लाकडी बैठक आणि पुढे दात्यांचं पातं. नारळ फिरवता फिरवता ती म्हणाली, "ते तिथे ठरवतात. मग घरी येऊन जेवतात ना?" आणि हसली. याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला आहे.

तिच्याकडून लापलाप शिकले. कोनफळाच्या जातीचा याम किसायचा, पानं विस्तवावर शेकून मऊ करायची, त्यावर कीस, वर आयलन काबिस नावाची पालेभाजी, जी आपल्या भेंडीची सख्खी बहीण आहे, मग नारळाचा दाट रस, आणि गुंडाळून तापल्या दगडांत पुरायचं. पातोळ्यांना कोणी थोरला भाऊ असेल तर तो हा. बदल्यात मी सोलकढी केली. कोकमाच्या आगळाची छोटी बाटली विमानतळावर रीतसर दाखवून आणली होती. मामानं एक घोट घेतला, बराच वेळ विचार केला, आणि उरलेली आदरपूर्वक कुत्र्याला दिली. कुत्र्यानंही घेतली नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. २०१५ च्या मार्चमधल्या पॅम वादळाची गोष्ट इथे प्रत्येक घरात आहे. मामा ते दोन्ही हातांनी जमिनीलगत दाखवते: इतक्या बुटक्या गवती झोपडीत सगळे ओणवे बसलो, पत्र्याची घरं उडाली, झोपडी राहिली. त्या मानानं मी पाहिलं ते काहीच नाही.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज झाला. वारा फिरला होता. मी उठायच्या आत दारावर थाप पडली. मामा, हातात बॅटरी, केसांवर राख. "आसिस इ फोलडाऊन," ती म्हणाली. राख पडतेय. मागे आभाळात ढग दिसत होते, पाऊस यायला फार वेळ नव्हता, आणि राख इतकी होती की चेंडूवाल्या नळीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. टाकीचा पाइप सरळ काढूनच ठेवायला हवा होता. हे मी सांगणार तेवढ्यात तीच म्हणाली,

"आले, युमी गो टेकेमाओट पाइप."

मी चपला शोधत होते. मग आठवलं, त्यातली एक खाडीच्या तळाशी आहे. तशीच अनवाणी गेले, आणि तिनं शिडी माझ्या हातात दिली.