घरी चिवचिवाट, वर्गात मौन

घरी अखंड बडबडणारं मूल शाळेत महिना उलटूनही एक शब्द बोलत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. पहिला महिना सोडून द्या, नव्या शाळेत बरीच मुलं गप्पच असतात. पण पुढेही तसंच चाललं, तर ते सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे ठरावीक ठिकाणी भीतीमुळे बोलताच न येणं, असू शकतं. भीतीने घसा आवळल्यासारखा होतो.

उपचाराची सुरुवात रिकाम्या वर्गात होते. शाळा सुटल्यावर आई आणि मूल सापशिडी खेळतात, घरं मोजताना आवाज आपोआप निघतो. बाई आधी दाराबाहेर. आवाज टिकला की दारात, मग दोन बाकं सोडून पाठमोऱ्या, मग पटाशेजारी. शेवटी बाई फासा टाकतात आणि आई हळूच मागे सरकते. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा तरी. आवाज बंद पडला, तर पायरी मोठी झाली, एक पाऊल मागे या.

बाईंनी “हो ना?” विचारू नये, मान हलवून भागतं. “लाल सोंगटी की हिरवी?” विचारावं आणि पाच सेकंद थांबावं. ते पाच सेकंद फार जड जातात, आणि नेमकं तेव्हाच आई उत्तर देऊन टाकते! पहिला शब्द आला की टाळ्या नकोत, सगळ्यांच्या नजरा वळल्या की मूल पुन्हा मिटतं. “बरं, हिरवी घे,” एवढंच.