अर्ध्यापेक्षा कमी

मंगळवार, मार्चचा शेवटचा आठवडा. रात्री साडेनऊ.

आज सातवीच्या वर्गात जे घडले ते लिहिण्याआधी तीन आठवड्यांपूर्वीची एक नोंद पूर्ण करायला हवी. त्या दिवशी मी 'अपूर्णांकांची उजळणी झाली' एवढेच लिहून वही मिटली होती, आणि ते खरे नव्हते.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. काही आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांच्या तळावर, जातात आणि मधली चार-पाच महिन्यांची शाळा त्यांच्या हातून निसटते. असाच एक मुलगा त्या दिवशी बऱ्याच काळाने वर्गात आला होता. मी त्याला फळ्यावर बोलावून एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायला सांगितली. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश लिहिले. वर्ग हसला. मी हसले नाही, पण 'बस खाली' म्हणून पुढच्या मुलीला उठवले, आणि तिने पाच षष्ठांश लिहिल्यावर उजळणी झाली असे मानून पुढे गेले. त्यानंतर तो आठवडाभर खालमानेने बसून फळ्यावरचे उतरवून घेत राहिला आणि त्याने एकही शंका विचारली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी मी कधीच हातात घेतली नाही, म्हणून हे कलम माझ्यासाठी नाही असे मी इतकी वर्षे समजत होते. पुढच्या सोमवारी परिपाठात मुलांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' या शब्दांपाशी मला पुढचे म्हणवेना. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा मी स्वतः विद्यार्थिनी असल्यापासून म्हणत आले आहे. पण एखादे उत्तर चुकते त्या क्षणीच या ओळीचा खरा कस लागतो, हे मला त्या सकाळी उमगले.

मी वर्गात जाऊन सर्वांसमोर त्या मुलाची माफी मागितली. मग फळ्यावर पुन्हा दोन पंचमांश लिहिले आणि ते उत्तर कसे काढले, एवढेच त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हंजे अर्धा कोयता. मग अर्ध्यात अजून काही मिळवलं तर अर्ध्याहून कमी कसं झालं? हे चुकलंय." पाचाच्या अर्धे अडीच आणि आपण घेतले दोनच, हेही त्यानेच सांगितले. उत्तर पडताळून पाहण्याची ही सवय मी वर्षभर शिकवत होते आणि वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलांनाही ती लागली नव्हती.

तेव्हापासून वर्गात दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत सर्वांनी पुस्तक मिटायचे आणि आज काय समजले ते आठवून वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी त्यावरच शेजाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले होते की, पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून दुसरा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. दुसरी गोष्ट अशी की, शेजाऱ्याचे उत्तर चुकले तर 'चूक' म्हणण्याआधी 'हे तू कसं काढलंस?' असे विचारायचे. आठवून लिहिताना चुका होणारच, आणि चुकल्यावर हसे होणार असेल तर मूल आठवण्याचा धोका पत्करण्याऐवजी शेजारच्या वहीतून उतरवील; त्यामुळे यातली एक गोष्ट दुसरीशिवाय चालत नाही.

चांगल्या वागणुकीबद्दल तारे लावण्याचा तक्ता मी पूर्वी करून पाहिला होता. मुले माझे लक्ष असतानाच पेन्सिल द्यायला धावत, म्हणून तो उतरवून ठेवला, आणि पुन्हा लावण्याचा माझा विचार नाही.

सगळे सुरळीत झालेले नाही. सहा-सात मुले अजूनही पुस्तक मांडीवर उघडे ठेवून 'आठवतात', आणि दोघींची तक्रार आहे की शेजाऱ्याला विचारण्यात त्यांचा वेळ जातो. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, वेळ जातोच.

आज शेकडेवारीच्या उदाहरणात नेहमी पहिली येणारी मुलगी चुकली. दोनशे रुपयांची वस्तू आधी दहा टक्क्यांनी महाग झाली आणि मग दहा टक्क्यांनी स्वस्त झाली, तर किंमत पुन्हा दोनशेच होईल, असे तिने फळ्यावर लिहिले. क्षणभर वर्ग शांत होता. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले आणि मी बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरून कोपीवरून परतलेल्या त्या मुलाचा आवाज आला, "हे तू कसं काढलंस?" तिने सांगायला सुरुवात केली, आणि दुसरे दहा टक्के दोनशे वीसचे काढायचे, हे सांगता सांगता तिच्याच लक्षात आले. तिने स्वतः फळा पुसून १९८ लिहिले. मी खडूही हातात घेतला नाही.