तोक्यो सोडताना: सोफा, स्टिकर आणि पिशवीवरचं नाव

तोक्योतल्या निशी-कासाईत आपली माणसं इतकी, की बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मराठीत कुणाची उखाळीपाखाळी काढायचीही सोय नाही. तिथून आम्ही नागानो प्रांतातल्या एका छोट्या गावात राहायला गेलो. सामान हलवणारी कंपनी खोकी भरण्यापासून सगळं करते. घाम फुटला तो जे न्यायचं नव्हतं त्यापायी.

तोक्योच्या २३ वॉर्डांत ज्या वस्तूची एखादी बाजू ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी, तो 'सोदाइ गोमी', म्हणजे अवजड कचरा. रोजच्या गाडीत तो जात नाही. फोनवर किंवा नेटवर नोंदणी करायची, मग कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, २०० आणि ३०० येनची स्टिकरं आणून हिशेबाने चिकटवायची, आणि ठरल्या दिवशी सकाळी आठच्या आत वस्तू खाली ठेवायची. टाकून द्यायचे पैसे का म्हणून, हा आपल्याकडच्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न. आपल्याकडे भंगारवाला उलट आपल्यालाच देतो!

त्यात मार्च. जपानात शाळा-ऑफिसांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे त्याआधी जो तो घर बदलत असतो. आम्हाला सोफ्यासाठी मिळालेली तारीख घराच्या किल्ल्या परत करायच्या दिवसानंतरची. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी तर वॉर्ड घेतच नाही. २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या रिसायकलिंगचा खर्च टाकणाऱ्याने सोसायचा. शेवटी पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं फ्रिज आणि सोफा दोन्ही घेऊन गेलं. उपकार कोणी कोणावर केले, हे आम्ही बोललो नाही.

सरकारी काम त्यामानाने किरकोळ. जुन्या वॉर्ड ऑफिसातून स्थलांतराचा दाखला घ्यायचा, नव्या ठिकाणी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची. खिडकीवरच्या बाईंनी रेसिडेन्स कार्डाच्या मागे नवा पत्ता घालून दिला, झालं.

गावात कचऱ्याच्या पिशव्या गावाच्या ठरलेल्या, अर्ध्या पारदर्शक, आणि वर घराचं नाव लिहायचं. तोक्योत कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली पिशवी सरकवली की ती कुणाची हे सहसा कुणी विचारत नसे. इथे रिवाजाप्रमाणे टॉवेलची भेट घेऊन आम्ही समोरच्या आजींकडे गेलो, तर त्यांना आमचं आडनाव आधीच पाठ. पहिलाच प्रश्न, "तुम्ही इतका कांदा खाता?"

मला ते आधी खटकलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या आठवड्यात काचेच्या बाटल्यांचा वार कोणता, झाकणं कुठल्या डब्यात, हे त्यांनीच जागेवर नेऊन दाखवलं. गावाच्या छापील तक्त्यावरून मला ते उमगलं नसतं.

परवा 'काइरानबान' आलं. गावच्या सूचना लावलेली ही पाटी घरोघर फिरते. वाचायची, सही करायची, शेजारी द्यायची. रविवारी सकाळी सहाला पाण्याच्या पाटांची सफाई, घरटी एक माणूस, न येणाऱ्याने पैसे भरायचे. नवरा फावडं आणायला गेलाय. रबरी बूट मात्र त्याच्या मापाचे मिळत नाहीयेत.