समोर एक नाही, दोघं बसलेली असतात
आज पदव्युत्तर वर्गात दिवसभर जोडप्यांच्या समुपदेशनाचे रोल-प्ले. चौघांचा गट: दोघं जोडपं, एक समुपदेशक, एक निरीक्षक. २० मिनिटं सत्र, मग चर्चा.

एकेकट्या माणसाशी छान बोलणारे विद्यार्थी इथं अडखळतात. जास्त बोलणाऱ्याकडेच मान वळलेली राहते. दुसरी व्यक्ती हळूहळू खुर्चीत मागे सरकते, उत्तरं 'हो', 'ठीक आहे' एवढीच. रेकॉर्डिंग पाहिलं की ते लख्ख दिसतं. म्हणून मध्येच थांबवायला शिकावं लागतं: "एक मिनिट. हे ऐकून यांना काय वाटलं, ते विचारू या." हे उद्धट वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि सत्र हातातून जातं.

आवाज चढले, नाडी १०० च्या वर गेली की समजावणं डोक्यात शिरत नाही. निदान २० मिनिटं विराम हवा, पण परत कधी बसायचं ते ठरवूनच. नाहीतर समोरच्याला ते पाठ फिरवणं वाटतं.

आणि सुरुवातीलाच दोघांना वेगवेगळं भेटून मारहाण, धाक याबद्दल विचारायलाच हवं. जोडीदारासमोर खरं उत्तर येत नाही. त्या भेटीत कळलेल्या गुपिताचं काय करणार, हे मात्र त्याआधीच दोघांना लेखी द्यावं.