नाणेघाटात वारा पडेपर्यंत

जुन्नर सोडलं तेव्हा नुसती भुरभुर होती. चावंड ढगात गडप झालेला, भातखाचरं तुडुंब. घाटघरच्या पुढे मात्र बाइक अशी डुलायला लागली की मागे बसलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, गाडी लावा इथंच. चालत जाऊ." उलटा धबधबा बघायचा तर सोसाट्याचा वारा लागतो, आणि सोसाट्याचा वारा असला की गाडी हाकणं नको होतं.

सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख असलेलं लेणं आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, हे आधी दोनदा पाहून झालं होतं. या खेपेला थेट पठाराचा काठ गाठला. काठापासून चांगलं अंतर ठेवून खडकावर बसकण मारली, कारण उभं राहवेना.

फोटोंत वाटतं तसा पाण्याचा अख्खा लोट काही वर चढत नाही. ओढा कड्यावरून उडी घेतो, दोन-तीन पुरुष खाली जातो, आणि तिथे त्याचं पीठ होतं. ते पीठ वर येतं. रेनकोटची टोपी मी गळ्याशी करकचून बांधली होती. पाणी शिरलं ते हनुवटीखालून आणि बाह्यांतून. चष्म्याच्या काचा आतल्या बाजूने भिजल्या! पाऊस खालून येतो तेव्हा रेनकोटचं काही चालत नाही.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून निघालेला वारा कोकणातून सुसाट येतो आणि सह्याद्रीच्या या भिंतीवर आदळतो. पुढे वाट नाही, म्हणून कडा धरून वर सुटतो. पण वाऱ्याने पाणी उचललं एवढं म्हणून भागत नाही, कारण शेजारचा धोंडा तो उचलत नाही. खरी गंमत थेंबाच्या आकारात आहे.

पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला हवा अडवतेच, आणि वेग वाढेल तसा हा विरोध वाढत जातो. तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. म्हणून तर आपण पावसात जिवंत राहतो. हवा नसती तर किलोमीटरभर उंचीवरून सुटलेला थेंब ताशी 500 किलोमीटरने टाळक्यात बसला असता. प्रत्यक्षात 5 मिलिमीटरचा टपोरा थेंबसुद्धा ताशी 32 किलोमीटरच्या आसपास अडकतो, 1 मिलिमीटरचा साधारण 14 वर, आणि भुरभुरीतला अर्ध्या मिलिमीटरचा जेमतेम 7 वर. थेंबाची जाडी निम्मी केली की वजन एक अष्टमांश उरतं, पण हवेला अडवायला मिळणारं अंग एक चतुर्थांश राहतं. बारक्याला हवा जास्त जड जाते ती अशी.

आता हेच उलट बघा. खालून येणारा वारा त्या वेगापेक्षा जोरात असेल, तर थेंब हवेतून खालीच पडत असतो, पण हवाच त्याला घेऊन वर निघालेली असते. त्या दुपारी वारा किती होता कोण जाणे, मेहुण्याने मूठभर उपटलेलं गवत दरीत सोडलं ते आमच्या डोक्यावरून मागे गेलं. मग त्याने दगड उचलला, तर कणसं भाजणारे मामा ओरडले, "ओ, दगुड नका टाकू! खालून वाटंनं माणसं येत्यात." बरोबरच होतं. दगडाला हा वारा काय अडवणार?

कणीस घेता घेता मामांना विचारलं, रोज असंच असतं का? ते म्हणाले, "नाय. लय पाऊस झाला का खालीच जातंय. आन् वारं पडलं का पाणीबी पडतंय."

पहिल्या वाक्यातच सगळं आलं. ओढ्याला पूर आला की धार जाड होते, फुटत नाही, आणि न फुटलेल्या धारेला हवा फारसं काही करू शकत नाही. म्हणजे धुवांधार पावसात इतक्या लांब यावं आणि चारचौघांसारखा सरळ धबधबा बघून परतावं, असंही होऊ शकतं.

दुसऱ्या वाक्याची प्रचीती निघताना आली. एकाएकी कान मोकळे झाले. वारा पडला. वर लटकलेला तो सगळा धूर क्षणभर तसाच राहिला आणि मग सडसडत खाली बसला. ओढा गुपचूप दरीत पडायला लागला. काठावरची पोरं "अर्रर्र" करून फोन खिशात घालायला लागली. मामांनी मात्र ताडपत्रीची दोरी हातात घट्ट धरून ठेवली होती.

"थांबा," ते म्हणाले, "आलंच."