बर्मिंगहॅममधली दोन पानं

आज बर्मिंगहॅम विद्यापीठात कुराणाची ती जुनी दोन पानं पाहिली. काचेसमोरून पाय निघेना. उजवीकडे झुकलेली हिजाझी (अरबी लिपीच्या एका जुन्या वळणाची) अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. कार्बन चाचणीनुसार हे चामडं इ.स. ५६८ ते ६४५ या काळातलं (शाईचं वय वेगळं असू शकतं). पैगंबर वारले ६३२ साली. म्हणजे ते जनावर कदाचित त्यांच्या हयातीत चरत होतं!

एका पानावर मरियम (येशूची आई मेरी) हिच्या नावाच्या सूऱ्याच्या, म्हणजे अध्यायाच्या, शेवटच्या आयती (ओळी) आहेत. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान ६१५ च्या सुमारास तांबडा समुद्र ओलांडून ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाकडे) गेले. तिथल्या ख्रिस्ती राजासमोर त्यांच्यातल्या जाफरने याच सूऱ्याची सुरुवात म्हटली, राजाला रडू कोसळलं आणि त्याने त्यांना मक्केवाल्यांच्या हवाली करायला नकार दिला, असं परंपरा सांगते. मी आजवर लढायाच वाचत आले, या आसऱ्याला आलेल्या मूठभर माणसांकडे लक्षच गेलं नव्हतं.

शेजारचे एक आजोबा काचेवर न टेकता, हलक्या आवाजात ओळी वाचत होते. त्यांचं संपेपर्यंत मी थांबले.